आखाजीच्या आदल्या दिवशी दुखणारी दाढ

आमच्या वडिलांची दाढ वर्षातून एकदाच दुखायची. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी, दुपारी चार ते पाचच्या दरम्यान. एरवी ते दातांनी ऊस सोलत, अक्रोड फोडत आणि सुतळीच्या गाठी सोडवत. पण त्या दिवशी गालावर हात ठेवून स्वयंपाकघरातून बाहेर येत, तोंडात लवंग धरलेली असे, आणि संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलत नसत. शेवटची चार वर्षं त्यांच्या तोंडात एकही खरा दात नव्हता. कवळी होती. तरी दाढ ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी दुखली, आणि यात काही चमत्कारिक आहे असं घरातल्या एकाही शहाण्या माणसाच्या डोक्यात आलं नाही. त्या शहाण्यांत मी मोडतो. मी जळगावच्या एका शाळेत गणित शिकवतो.

आता या दाढेचा आणि आंब्याचा संबंध सांगायला हवा.

आमच्याकडे आखाजीला पितरांची घागर भरतात. नवी मातीची घागर, तिच्यात पाणी, तिच्यावर छोटं मडकं, वर डांगर, म्हणजे आमच्याकडचं खरबूज, शेजारी दोन आंबे आणि सांजोरी. गेलेल्या माणसांची नावं घेत उंबऱ्यावर कुंकवाची बोटं ओढायची, चुलीतल्या विस्तवावर घास ठेवायचा, त्याला आगारी म्हणतात, आणि मग घरातल्यांनी जेवायचं. यात एक अट आहे. पितरांना आंबा दिल्याशिवाय घरात कोणी आंबा खायचा नाही. बाजार महिनाभर आधीपासून पिवळाधमक झालेला असतो, गाड्यांवर फोडी कापून ठेवलेल्या असतात, आणि आपण मात्र दुसरीकडे बघत चालायचं.

वडील एसटीत कंडक्टर होते. विनातिकीट माणूस ओळखण्यात त्यांचा हातखंडा होता आणि घरात त्यांनी ती कला आंब्यासाठी वापरली. आंब्यांची अढी त्यांच्याच खाटेखाली असे. आम्ही भावंडं बाहेरून खेळून आलो की दारातच थांबवत.

"हा कर."

आम्ही तोंड उघडून हा करायचो. ते वाकून वास घेत.

"चल, पुढे हो."

मी पाचवीत असताना एका मित्राकडे अर्धी फोड खाल्ली. अर्धी! वर पेरूचं पान चावून आलो होतो. तरी पकडला गेलो आणि शेजारपाजारच्यांना दिसेल असा अंगणात तासभर उभा राहिलो. बहीण खिडकीतून वाकुल्या दाखवत होती. ती कधीच पकडली गेली नाही. ती खात नव्हती म्हणून नाही, ती श्वास आत ओढत हा करायची म्हणून.

आणि अशा घरात आईची सांजोरी आंब्याची होती.

सगळ्या खानदेशात सांजोरी रवा-गुळाची करतात आणि तेलात तळतात. आमची आई धुळ्याची. तिचे वडील तिथल्या एका बेकरीत आयुष्यभर भट्टीवर होते, त्यामुळे तळलेल्या पदार्थाकडे ती जरा वरूनच बघते. ती सांजोरी भाजते. जाड बुडाच्या पातेल्यात गिरणेची धुतलेली, चाळलेली वाळू, वाळूवर लोखंडी कडं, कड्यावर ताटली, वर घट्ट झाकण. ही वाळू वडिलांनी भडगावच्या गाडीवर ड्यूटी असताना पिशवीतून आणली होती आणि ती एका जुन्या तुपाच्या डब्यात राहते. वरची पारी मैद्याची, तुपाचं मोहन घालून दुधात भिजवलेली. आतलं सारण म्हणजे तुपात तांबूस भाजलेला रवा, आंब्याचा रस, गूळ, वेलची, असं घट्ट आटवलेलं. काठाला बोटांनी मुरड घालायची. भाजून निघाली की पारी बिस्किटासारखी मोडते आणि आत आंबा मऊ असतो. लग्नानंतर पहिल्यांदा तिने ही केली तेव्हा आत्या म्हणाली होती, "वहिनी, ही पितरांना द्यायची की चहात बुडवायची?" पुढच्या वर्षी हीच आत्या डबा घेऊन आली.

अडचण आता तुमच्या लक्षात आली असेल. आखाजीला मिळणारा आंबा हंगामाच्या तोंडाचा. एका पेटीतले दोन आंबे एकमेकांना ओळख देत नाहीत, एक साखर तर दुसरा चिंच. म्हणजे गूळ दरवर्षी वेगळा लागणार. आणि सारण आदल्या दिवशी करून मुरवावं लागतं. चाखायचं कोणी? नैवेद्य उष्टा करायचा नाही ही एक अट, पितरांआधी आंबा खायचा नाही ही दुसरी. दोन कुलपं आणि दोन्हींच्या किल्ल्या पितरांकडे.

आई म्हणे, मी वासावर करते.

आणि काय करायची ते! गल्लीतल्या बायका मुद्दाम बघायला येत. आई चमच्यावर सारण घेई, नाकाशी धरी, डोळे मिटे, मान किंचित डावीकडे कलती करी. सगळ्या चूप. मग डोळे उघडून म्हणे, "एक खडा कमी शे." बायका एकमेकींकडे बघत. त्यानंतर ती सगळ्यांना बाहेर काढी, कारण शेवटच्या अंदाजाला तिला शांतता लागे. फक्त वडील आत जात, हातात वर्तमानपत्र घेऊन.

"हिला बातम्या वाचून दाखवतो," ते म्हणत. "तेवढंच लक्ष लागतं."

दार बंद व्हायचं. आतून त्यांचा एसटीतला आवाज यायचा, मागच्या सीटपर्यंत पोहोचणारा. "यावल तालुक्यात वादळानं केळी आडवी!" मग जरा वेळ गप्प. मग, "चाळीसगाव स्टेशनात गाडीला उशीर!" पुन्हा गप्प. अर्ध्या तासाने दार उघडायचं, आई पदराने घाम पुसत विजयी मुद्रेने उभी, आणि मागून वडील, गालावर हात, तोंडात लवंग.

"दाढ," ते एवढंच म्हणत.

माझी बायको यावलकडची, केळीच्या मळ्यातली. लग्न होऊन आली तेव्हा तिने मला हळूच विचारलं होतं, "बातम्या ऐकून दाढ कशी दुखते?" मी तिला म्हटलं होतं, वय झालंय. वडील तेव्हा जेमतेम पंचावन्नचे होते.

दुसऱ्या दिवशी जेवताना आई त्यांच्याकडे बघत बसे. आम्ही सगळे "छान झालीय, छान झालीय" म्हणत असू. तिचं त्याकडे लक्ष नसे. वडील अख्खी सांजोरी संपवत, बोटं चाटत आणि म्हणत, "बरी शे." बस्स. आयुष्यात त्यांनी कशालाच याहून मोठी शाबासकी दिली नाही. माझ्या दहावीच्या निकालालाही "बरा शे" एवढंच. पण आईचा चेहरा त्या दोन शब्दांवर सैल व्हायचा.

गेल्या हिवाळ्यात वडील गेले. फार त्रास न होता, दुपारच्या झोपेत. त्यामुळे या आखाजीला त्यांच्या नावाची पहिली घागर होती.

आठ दिवस आधी धुळ्याहून बहिणीचा फोन आला.

"आईला सांग, यंदा तळलेली कर. एवढा व्याप कशाला?"

मी सांगितलं. आईने फोन माझ्या हातातून घेतला. "तुना बापनी जलमभर तळेल सांजोरीले हात लावा नही," ती म्हणाली, "आते पहिलीच घागर शे तं त्यासले ती देऊ?" आणि फोन मला परत दिला. तिच्या बोलण्यात असं ठासून खानदेशी आलं की विषय संपला असं समजायचं.

आदल्या दिवशी दुपारी उन्हाने गल्ली पांढरी पडली होती. कूलरची घरघर चालू होती. मी वाळू चाळून दिली, बायकोने संध्याकाळच्या पोळ्यांची कणीक भिजवून ओल्या फडक्याखाली ठेवली. आईने आंबे पिळले. यंदाचा रस दिसायला केशरी, पण पातळ. रवा भाजल्याचा खमंग वास घरभर पसरला. रस पडला, गूळ पडला, सारण आटत आलं आणि आईने चमचा नाकाशी धरला. डोळे मिटले, मान डावीकडे.

तशीच उभी राहिली.

डोळे उघडले, पुन्हा मिटले. मान यावेळी उजवीकडे. मग गॅस बारीक करून ती पातेल्यासमोरच्या स्टुलावर बसली आणि पदर बोटाला गुंडाळू लागली.

"काय झालं, आई?" बायकोने विचारलं.

"काही नाही. जरा बसू दे."

बायको समजूतदार. म्हणाली, "समोरच्या अक्कांना चाखायला देऊ का? त्यांना पितरांचं बंधन नाही."

समोर राहणाऱ्या अक्का म्हणजे निवृत्त नर्स. बौद्ध कुटुंब, त्यांच्याकडे घागरीची रीत नाही, आणि पहिला आंबा बाजारात आला की पहिली पेटी त्यांच्याकडे येते हे सगळ्या गल्लीला वासावरून कळतं. मला वाटलं, आई डोळे वटारेल. वासावर करणारी बाई ती. पण ती इतक्या पटकन "जा, दे" म्हणाली की मी चकितच झालो.

बायको वाटीत चमचाभर घेऊन गेली. आई स्टुलावरून उठून दाराशी गेली आणि कान देऊन उभी राहिली. समोरून अक्कांचा आवाज आला, "अगं बाई! छान! एकदम छान!"

आई परत येऊन बसली. चेहरा पहिल्यापेक्षा उतरलेला.

"छान म्हणतायत," बायको म्हणाली.

"ती माझ्या करपलेल्या खिचडीलाही छान म्हणाली होती," आई म्हणाली. "सगळेच म्हणतात. तुम्हीसुद्धा."

हे खरं होतं. आमच्या घरात जेवायला बसलेल्या माणसाच्या तोंडून 'छान' हे घासाच्या आधी निघतं. बायको पोळ्या लाटायला ओट्याच्या दुसऱ्या टोकाला गेली. आई हात धुवायला मोरीत गेली. आणि पातेल्यासमोर मी एकटा उरलो.

आता मी कबुली देतो. त्या क्षणी माझ्या मनात उदात्त काहीही नव्हतं. पन्नाशीला आलेला माणूस, महिनाभर आंब्याकडे पाठ फिरवून चाललेला, समोर ते तुपात चमकणारं सारण, आणि दारात उभं राहून "हा कर" म्हणणारं आता कोणी नाही. हा शेवटचा विचार पुरा होईपर्यंत बोट पातेल्यात गेलं होतं. मी फ्रिज उघडला, दाराआड डोकं घातलं आणि बोट चाटलं.

आंबट!

नुसतं आंबट नाही. कानशिलं आवळली, एक डोळा आपोआप मिटला. फ्रिजमधल्या कोथिंबिरीसमोर मी तसाच एक डोळा मिटून उभा राहिलो आणि माझ्या पापाचा खरा अर्थ मला कळला. सारण बिघडलंय हे आता मला माहीत होतं. सांगावं तर चोरी उघडी पडते, तीसुद्धा ज्याची पहिली घागर त्याच्याच मुलाची. न सांगावं तर उद्या वडिलांच्या नावाने ही चिंच विस्तवावर जाणार, आणि आम्ही सगळे छान छान म्हणत ती गिळणार. आईला मात्र कळणार. तिला नेहमीच कळतं.

ती पदराला हात पुसत आली. मी फ्रिज बंद केला, दोन्ही डोळे उघडे आहेत याची खात्री केली आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात मी दरवर्षी जसा राजाचा प्रधान होतो तसा गंभीर चेहरा करून पातेल्याकडे वाकलो. दीर्घ श्वास घेतला. मान डावीकडे कलती केली.

"आई," मी म्हणालो, "मला जरा आंबट वास येतोय."

आई थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या नाकाकडे नाही, बोटाकडे. मग तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला.

"तुना बापलेबी पहिला साले वासच उना व्हता," ती म्हणाली.

ओट्याच्या दुसऱ्या टोकाला लाटणं थांबलं.

मला समजायला वेळ लागला. बापालाही पहिल्या वर्षी वासच आला होता. वर्तमानपत्र. बंद दार. यावलची केळी आडवी, मग शांतता. चाळीसगावची गाडी, मग शांतता. त्या प्रत्येक शांततेत आमचे वडील, आंब्यांचे पहारेकरी, चमचा चाटत उभे! आणि लवंग! लवंगेच्या वासापुढे आंब्याचा वास कोणाला येणार? कवळीतली दाढ!

"आणि मला अंगणात उभं केलं!" मी ओरडलोच. "पाचवीत! अर्ध्या फोडीसाठी!"

"चूप ऱ्हाय. समोर ऐकू जातं," आई म्हणाली, पण आता ती हसत होती, आणि वडील गेल्यापासून ती पहिल्यांदाच आवाज न करता पोट हलवून हसत होती. बायको लाटणं हातात घेऊन भिंतीला टेकली होती. "बातम्या ऐकून दाढ," एवढंच तिला म्हणता येत होतं.

हसू ओसरल्यावर आईने सांगितलं. लग्नानंतरची पहिली आखाजी, सासू कडक, पातेल्यात सारण आणि गुळाचा अंदाज चुकलेला. ती ओट्याशी रडत उभी होती. वडील पाणी प्यायला आत आले, काय झालं ते विचारलं नाही, बोट बुडवलं, चाटलं आणि म्हणाले, वास आंबट येतोय. तिने गूळ घातला. ते म्हणाले, अजून. तिने अजून घातला. मग म्हणाले, बरा शे.

"त्यानंतर मी कधी पाहिलं नाही बरं," आई म्हणाली. "मी दरवेळी खिडकीकडे तोंड करून उभी राहायची. मी पाहिलं नाही म्हणजे पितरांनाही काही सांगायचा प्रश्न नाही."

"पण आता घागर त्यांचीच आहे."

"मग? ते काय तोंडाने रागावतील? स्वतः काय केलं ते विसरले असतील तर मी आठवण करून देईन."

ती ओट्यावर ठेवलेल्या गुळाच्या ढेपेकडे गेली, खडा फोडून सारणात घातला आणि घोटलं. मग चमचा माझ्या हातात दिला आणि खिडकीकडे वळली. खिडकीबाहेर समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींशिवाय काहीही नव्हतं. ती त्या चादरी फार लक्ष देऊन बघू लागली.

मी चाखलं. माझ्या तोंडात 'छान' अगदी ओठांपर्यंत आलं होतं. पन्नास वर्षांची सवय.

"आंबट शे का?" तिने चादरींना विचारलं. "खरं सांग."

"शे," मी म्हणालो.

आणखी एक खडा. तिची पाठ. माझा चमचा. तिसऱ्या वेळी आंबटपणा मागे सरकला आणि गूळ पुढे आला, पण आंबा कुठे हरवला नाही. मी जरा थांबलो, पुन्हा जिभेच्या टोकाने चाखलं.

"बरा शे."

तिने वळून गॅस बंद केला. मग मांडणीवर मागे हात घालून, वाळूच्या डब्याआडून, एक छोटी गोल डबी काढली. तिच्यात लवंगा होत्या. एक माझ्या तळहातावर ठेवली.

संध्याकाळी शेजारचे आबा काही विचारायला आले तेव्हा मी गालावर हात ठेवून बसलो होतो. "दाढ," बायकोने त्यांना परस्पर सांगितलं.

आखाजीच्या सकाळी बहीण धुळ्याहून आली, दारातच घाम पुसत, हातात डांगर. घागर मांडली. मी उंबऱ्यावर कुंकवाची बोटं ओढली, पणजोबा, आजोबा, आजी, आणि शेवटचं बोट ओढताना हात जरा सावकाश गेला. आईने रात्रभर मुरलेलं सारण भरून सकाळीच सांजोऱ्या भाजल्या होत्या. काठ तांबूस, मुरड सुटलेली नाही. मातीच्या खापरात विस्तव केला होता. मी सांजोरीचा तुकडा त्यावर ठेवला. तूप चुरचुरलं, आंब्याचा धूर वर गेला. आई त्या धुराकडे बघत होती, जेवताना वडिलांकडे बघायची तशी.

पानं मांडली. बहिणीने पहिला घास घेतला आणि मान डोलावली. "छान झालीय, आई! तुझं नाक म्हणजे नाक."

"हो ना, छानच," बायको म्हणाली आणि माझ्या पायाला खाली चिमटा काढला.

आईने दोघींकडे पाहिलंच नाही. ती हातातली वाढायची पळी तशीच धरून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी सांजोरी मोडली. आतला आंबा मऊ होता. गोडाच्या मागे आंबटाची एक बारीक रेघ शिल्लक होती, ती हवीच होती. मी सगळी संपवली, बोटं चाटली.

"बरी शे," मी म्हणालो.

बहीण घास हातात धरून माझ्याकडे बघतच राहिली. आईने पळी खाली ठेवली, स्वतःचं पान पुढे ओढलं आणि जेवायला बसली.